गेट मागे राहिलं ती सकाळ

त्या जानेवारीत देवासला धुकं फार पडत होतं. सकाळी सातला घरातून निघाले की टेकडी दिसायचीच नाही. देवीच्या देवळातली घंटा मात्र ऐकू यायची, कुठून तरी वरून, ढगातून आल्यासारखी. मी गाडी काढायचे, काच पुसायचे आणि कारखान्याकडे निघायचे. वाटेत काय काय लागलं, हे पोचल्यावर आठवायचं नाही.

औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंग विभागाची प्रमुख होते, अजूनही आहे. नव्वद माणसं आणि तीन पाळ्या. याच विभागात मी एकेकाळी पट्ट्यावरून सरकणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांकडे डोळे ताणून बघत उभी असायचे. फुटकी गोळी दिसली की बाजूला काढायची, एवढंच काम. मग एकेक पायरी चढत विभाग हाती आला आणि हळूहळू मला वाटायला लागलं की विभाग म्हणजे मीच. कुठली लाइन आधी चालवायची, कोणाची सुट्टी मंजूर करायची, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा टेम्पो कुठे उभा करायचा, सगळं मला विचारून. फोन उशाशी असायचा. पहाटे पाचला डोळा उघडला की जे आठवेल ते मी ग्रुपवर टाकून द्यायचे, म्हणजे डोकं मोकळं. निदान मला तसं वाटायचं.

काहीतरी बिघडलं आहे हे मला एका लग्नपत्रिकेमुळे कळलं. आमच्या विभागातली सगळ्यात जुनी बाई, जिच्या शेजारी उभं राहून मी हे काम शिकले, ती माझ्या केबिनमध्ये आली. हातात हळदीकुंकवाची बोटं लावलेली पत्रिका. "दीदी, मुलीचं लग्न ठरलं. खातेगावला आहे. तुम्हाला यावंच लागेल." मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "मेल करून ठेवा."

ती अगदी हळू म्हणाली, "मला मेल येत नाही हो." पत्रिका कीबोर्डच्या कडेला ठेवून ती गेली. मी काय बोलले ते मला संध्याकाळी घरी भाजी चिरताना समजलं. लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटेना. आत सगळं कापसासारखं झालं होतं. काही लागत नव्हतं, काही दुखत नव्हतं.

त्यानंतर चार दिवसांनी मी कारखान्याचं गेट सोडून पुढे गेले.

गेट नेहमीसारखं डाव्या हाताला आलं. धुक्यात चौकीदाराने हात वर केला, तोही नेहमीसारखा. मी त्याच्याकडे बघितलं, इंडिकेटर दिला नाही, आणि गाडी सरळ चालत राहिली. मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. ठरवायला जे लागतं तेच माझ्यापाशी उरलं नव्हतं. इंदूरचा बायपास आला, तोही गेला. ट्रकांचे दिवे पाण्याखालून वर आल्यासारखे दिसायचे आणि विरून जायचे. बेटमा मागे पडलं तेव्हा धुकं उठायला लागलं आणि दोन्ही बाजूंना गहू दिसला, इतका हिरवा की मी वेग कमी केला. पर्समध्ये फोन थरथरत होता. शेजारच्या सीटवर एखादं लहानसं जनावर बसलं आहे आणि त्याला ताप आहे, असं काहीतरी वाटत होतं.

घाटाबिल्लोदला चहाला थांबले आणि नवऱ्याला फोन केला.

"मी धारला चालले आहे."

"अरे देवा. कोण गेलं?"

"कोणी नाही. आत्याकडे चालले आहे."

तो म्हणाला, "बरं. हळू चालव." आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्याच्या त्या "बरं"साठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे. माझ्या हाताखालच्या मॅनेजरला मी एका ओळीचा मेसेज टाकला: आज येत नाही. एवढ्या वर्षांत ही ओळ मी कधी लिहिली नव्हती. मग फोन बंद केला.

माझी आत्या त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. बत्तीस वर्षं ती दवाखान्यात होती आणि बाळंतपणाच्या वॉर्डची मेट्रन म्हणून निवृत्त झाली. धारला मुंज तलावापासून दोन गल्ल्यांवर, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत ती एकटी राहते. तिने गॅलरीतून मला गाडी लावताना पाहिलं. दार उघडून ती बाजूला झाली. का आलीस, कशी आलीस, काही नाही. माझ्या चेहऱ्याकडे मात्र तिने पेशंटकडे बघावं तसं नीट बघितलं.

"चहा की झोप?"

"झोप," मी म्हणाले.

तिने माझ्या अंगावर घोंगडी घातली आणि पडदा ओढला. मी उठले तेव्हा चार वाजले होते. काही क्षण मला कळेना की मी किती वर्षांची आहे. पडद्यातून आलेला उजेड छतावर हलत होता, कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती, खाली कोणीतरी "भिया, गाडी जरा साइड में ले लो" म्हणत होतं, आणि या सगळ्याशी माझा काही संबंध नव्हता. मला कोणी काही विचारत नव्हतं. मी तशीच पडून राहिले. छतावरचा उजेड पिवळा झाला, मग नारिंगी झाला.

आत्याने मुगाची खिचडी वाढली. नंतर आम्ही दोघी तलावाच्या काठाने चालायला गेलो. पाणी अगदी स्थिर होतं. बगळे परतत होते. मी तिला तुटक तुटक सगळं सांगितलं. पत्रिकेचं, गेटचं, आणि आत काहीच वाटत नाही त्याचं. मग ती कठड्यावर बसली आणि म्हणाली, "माझं सांगू?"

मेट्रन होऊन तिला दोनच वर्षं झाली होती. वॉर्ड भरलेला, नर्सेस कमी. ती घरी जायची ती फक्त आंघोळीला. एका दुपारी बदनावरकडच्या खेड्यातली एक बाई कळा देत होती, आणि आत्या तिच्यावर ओरडली. "काय ओरडले ते नाही सांगत. आजही नाही सांगवत," ती म्हणाली. "त्या बाईच्या अंगाचं पाणी पाणी झालेलं, ओठ फाटलेले. तिने माझा हात धरला आणि मला म्हणाली, 'बेन, तम थकी गया हो. जरा बैठी जाव.'"

"तिने? तुला?"

"तिने मला. जी बाई मूल जन्माला घालत होती ती मला 'थकलीस, बस' म्हणाली. आणि मी बसले, बाळ. तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. तिला मुलगी झाली तेव्हाही माझे डोळे ओलेच होते."

त्या दिवसापासून आत्या रोज दुपारी वीस मिनिटं धुतलेल्या चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून बसू लागली.

"झोपायचीस?"

"छे गं. नुसती बसायची. चादरींना उन्हाचा वास असतो."

"आणि तेवढ्यात कोणाचं काही झालं असतं तर?"

"दार होतं ना. वाजवलं असतं. निवृत्त होईपर्यंत चारदा वाजलं." ती हसली. "आपल्याला काय वाटतं, रोज चाळीसदा वाजेल."

दुसऱ्या दिवशीही मी तिथेच राहिले. काय केलं ते सांगण्यासारखं नाही. मटार सोलले. ऊन अंगावर घेतलं. दुपारी पुन्हा झोपले आणि मला स्वप्न पडलं की कारखाना तलावाच्या तळाशी आहे आणि सगळे यंत्रांपाशी उभे आहेत, निवांत, केस पाण्यात तरंगताहेत. भीती वाटली नाही. उठल्यावर आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, त्यांनाही जरा विसावा." आम्ही खूप हसलो. हसताना बरगड्या दुखल्या. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले. माझा मॅनेजर चौतिशीचा, हाटपिपल्याचा. घर मराठी पण शाळा हिंदी, त्यामुळे दोन्ही भाषा एकाच ताटात कालवून बोलतो. मी त्याला विचारलं की माझ्या मागे काय काय अडलं.

तो दाराशी घुटमळला. "मॅडम, बुरा नका मानू, एक गोष्ट बोलू?"

"बोल."

"काही नाही अडलं. उलट लाइन एकदा पण नाही थांबली. एरवी छोटी प्रॉब्लेम आली तरी सगळे तुमची वाट बघतात ना. दोन दिवस वाट बघायला कोणी नव्हतं, तर करून टाकलं." मग खाली बघत म्हणाला, "आणि मॅडम, पहाटे पाचचा मेसेज नाही आला. मी तर साडेचारलाच उठून बसतो. काय येईल, काय येईल. माझी मिसेस म्हणते, आपल्या घरात कोंबडा नको, मॅडम आहेत."

मी हसले नाही. त्याला "ठीक आहे" म्हटलं आणि तो गेल्यावर दार लावलं. मला वाटायला हवा होता तो हलकेपणा, पण आला तो राग. दिवसभर राग. एवढं रक्त आटवलं आणि हे म्हणतात लाइन थांबली नाही! त्याची बदली दुसऱ्या विभागात करावी असंही मनात येऊन गेलं, हे कबूल करते. संध्याकाळी तो घरी जायला निघाला तेव्हा काचेतून त्याच्याकडे नीट पाहिलं. कानाशी सगळे केस पांढरे झालेले. हे कधी झालं? माझ्यासमोर झालं. मी रिकामी होत होते आणि हातातून जे सांडत होतं ते या माणसांच्या झोपेवर सांडत होतं. राग तिथे संपला.

दुसऱ्या सकाळी मी त्या जुन्या बाईपाशी गेले, यंत्रांच्या आवाजात, सगळ्यांसमोर. "माझं चुकलं," म्हणाले. तिला ऐकू आलं नाही, दोनदा म्हणावं लागलं. ती म्हणाली, "अहो, तुमच्या डोळ्यांतच नव्हता तुम्ही. मी काय मनावर घेते." खातेगावला लग्नात मी पोटभर जेवले आणि बायकांच्या घोळक्यात नाचलेसुद्धा, वाईट नाचले.

पहाटेचे मेसेज बंद केले. आठवेल ते वहीत लिहायचे आणि नऊ वाजता सांगायचे. पहिला आठवडा हात शिवशिवायचे. गंमत म्हणजे नऊ वाजेपर्यंत वहीतलं अर्धं निरर्थक ठरायचं. माझं डोकं सकाळी अकरापर्यंत लख्ख चालतं, दुपारी तीननंतर ते कुरकुरतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. अवघड निर्णय मी तीननंतर घेत नाही. आणि लाइन कधी बदलायची, कोणाला कुठे उभं करायचं, हे मॅनेजरच्या हाती सोपवलं.

बसायची जागाही सापडली. दर बॅचचे थोडे नमुने आम्ही काही वर्षं जपून ठेवतो, त्यांची एक थंड, अंधूक खोली आहे. छतापर्यंत कपाटं, त्यांत गेलेल्या वर्षांची औषधं. जेवणानंतर मी तिथे स्टुलावर बसते. एसीची घरघर, पुठ्ठ्याचा वास. कधी कधी वाटतं, त्या कपाटांत कोण कोण दडलं असेल: ज्यांचा ताप उतरला ते, ज्यांचा नाही उतरला ते. विभागातल्या बायका आधी हसल्या. "दीदी आत भजन करते काय?" मग विसरून गेल्या.

सगळं सरळ झालं असं नाही. दोन महिन्यांनी मॅनेजरच्या एका निर्णयामुळे खोक्यांवर चुकीची छपाई लागली आणि अर्ध्या दिवसाचं काम पुन्हा करावं लागलं. वरच्या साहेबांनी बोलावलं. "आप कहाँ थीं?"

मी म्हणाले, "वह फ़ैसला उनका था, सर. और उन्हें यह हक़ मैंने दिया है. ग़लती हम सुधार रहे हैं." ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मी केबिनबाहेर आले. मनात तोच जुना ताप: सगळं परत आपल्या हाती घे, आत्ताच्या आत्ता. मॅनेजर खाली खोकी उघडत बसला होता, चेहरा उतरलेला. मी त्याच्या शेजारी बसले आणि उघडायला लागले. वर काय झालं ते सांगितलं नाही. उद्याचा क्रम कसा लावायचा, हे मात्र त्यालाच विचारलं.

मी अजून थकते. मागच्या मार्चमध्ये तपासणीचे लोक येणार होते, तेव्हा एका सकाळी मीटिंगला बसले आणि तो ओळखीचा कापूस आत भरायला लागलेला जाणवला. पूर्वी मी आवाज चढवला असता. त्या दिवशी सरळ सांगितलं, "आज माझ्यात दम नाही. तुम्ही बोला, मी ऐकते." मला वाटलं खोलीत काहीतरी कोसळेल. कोणी मान वरसुद्धा केली नाही. एकीने कागद पुढे ओढला, दुसरा फळ्याकडे गेला, आणि त्यांचं बोलणं सुरू झालं. मी पाठ टेकली. खिडकीबाहेर हायवेवरून गव्हाच्या ट्रॉल्या संथपणे मंडीकडे चालल्या होत्या, एकामागून एक, आणि आतले आवाज मला दूर, पण स्पष्ट ऐकू येत होते.