रेड रोडवर माझी झालेली चेष्टा

सुमनताई, गुडघा वाकतोय का आता? दत्तोपंत, डोळ्याची पट्टी निघाली का? आणि ज्योती, तुझी कंबर? ब्लॉगवर येऊन माझी चौकशी सगळे करता, पण स्वतःच्या तब्येतीचं एक अक्षर कळवत नाही. माझं म्हणाल तर पाय ठणकताहेत आणि डोकं त्याहून जास्त.

वर्षभर सांगलीत नदीकाठच्या रस्त्यावर पहाटे पळाले. वय सहासष्ट. वाटलं, एकदा मोठ्या शहरात दहा किलोमीटर पळून बघावं. मुलगा निखिल बँकेच्या बदलीने कोलकात्यात, म्हणून तिथली मॅरेथॉन धरली. तर फोनवर म्हणतो, "आई, दोन तासांनी फाटक बंद करतात. तोवर नाही पोचलीस तर बूट माझ्या कपाटात राहतील. हे खूळ बंद!"

"कबूल," म्हणून बसले. जिभेला हाड नाही माझ्या.

पुण्याहून हावड्याच्या गाडीत दोन रात्री जातात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या. निखिल सॉल्ट लेकला राहतो. छातीवर लावायचा नंबर आदल्या दिवशीच जाऊन आणावा लागतो. त्या रांगेतच माझे निम्मे पाय गेले. टी-शर्ट मिळाला तो गुडघ्यापर्यंत. बदलून मागितला, तर म्हणे, "हाच आहे."

रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, तेव्हा टॅक्सी आधी ठरवून ठेवा. आमच्या टॅक्सीवाल्याने रस्ते बंद म्हणून एस्प्लनेडलाच उतरवलं. पुढे चालत. म्हणजे पळण्याआधीच चालून दमायचं! साडेसहाला सुटलो, तर पुढची मंडळी फोटो काढायला थांबलेली. अहो, सरका की!

आठव्या किलोमीटरला, रेड रोडवर, पोटरीत गोळा आला. लंगडत होते, तेवढ्यात कडेला कानटोपी घातलेले एक गृहस्थ चहाचं मातीचं भांडं उंचावून ओरडले, "माशीमा, चेष्टा कोरून! चेष्टा कोरून!"

आधी मला माशी म्हणायचं आणि वर चेष्टा? माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच करा चेष्टा!" मी ओरडले.

गृहस्थ थबकले. "आमि?" मग भांडं ठेवलं आणि चपला फटफटवत माझ्याशेजारी पळायलाच लागले! मी वेग वाढवला, त्यांनी वाढवला. "माशीमा, चेष्टा!" चालूच. या माणसाला मागे टाकायचंच, एवढंच डोक्यात राहिलं. पोटरी विसरले. शेवटच्या वळणावर फाटक बंद करायला दोरी हातात घेऊन माणसं उभी दिसली, आणि डोळे मिटून आत घुसले. चार मिनिटं उरली होती.

निखिल आणि नात आत वाट बघत होते. मागोमाग आलेले गृहस्थ धापा टाकत निखिलला म्हणाले, "माताजीने बोला, तुम भी करो. तो किया."

माझी नात इरा तिथेच पोट धरून हसायला लागली. ती कोलकात्यातच वाढलेली, तिचं मराठी अर्धं बंगाली. "आजी, चेष्टा मतलब प्रयत्न! ते तुला ट्राय कर बोलत होते. आणि माशीमा म्हणजे मावशी!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रोत्साहन देणाऱ्या भल्या माणसाच्या अंगावर ओरडले होते मी. माफी कुठल्या भाषेत मागावी ते सुचेना. पदकाबरोबर मिळालेलं केळं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी अर्धं मोडून मला परत दिलं.

आता सांगलीत आहे. बूट निखिलने स्वतः पुसून पिशवीत भरून दिले. पदक मात्र इराने ठेवून घेतलं. पहाटे पोटरी कुरकुरली की मीच तिला म्हणते, "चेष्टा कोरून." शेजारच्या मंदाला वाटतं, म्हातारीला वेड लागलंय.

आता गुडघा, डोळा आणि कंबर, तिघांनीही लवकर कळवा. टायपायला बोटं दुखतात, ही सबब मला सांगू नका. चेष्टा करा. दोन्ही अर्थांनी केलीत तरी चालेल.