मावशीच्या दिव्याखालचं अंडं

माझी मावशी शिवणकाम करते. कपडे कधी मिळतील असं विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, ‘उद्या.’ तळ्याकाठी बेवारस पडलेलं बदकाचं अंडं तिनं चिंध्यांच्या डब्यात, मशीनजवळच्या दिव्याखाली ठेवलं, तेव्हा काकांनी विचारलं, ‘पिल्लू कधी निघणार?’

‘उद्या,’ ती सवयीनं बोलून गेली.

काकांना आयता विषय मिळाला. ‘काय गं, झालं का शिवून?’ ते रोज विचारायचे. मावशी हसायची आणि हलक्या हातानं अंडं वळवून ठेवायची. यातलं तिला काहीच कळत नव्हतं. ऊब पुरेशी आहे की नाही, हे ती कवच गालाला लावून ठरवायची. हळूहळू काकांनी थट्टा सोडली. अंडं नासलं असावं, असं दोघांनाही वाटत होतं.

एका दुपारी मशीन थांबलं तरी टकटक चालूच राहिली. मावशी काम टाकून डब्याशी बसली. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं.

‘माझा कोट?’

‘थांबा जरा,’ ती मान न वळवता म्हणाली, ‘आत्ता होतंय.’

गिऱ्हाईक वाकून बघत राहिलं. कवच तडकलं, ओलंचिंब पिल्लू बाहेर आलं. काका स्वयंपाकघरातून तसेच ओल्या हातांनी आले आणि म्हणाले, ‘सरका की हो, घरच्यांना बघू द्या.’