डाव्या पंखाखालची खोळ

मी एका निरपराध माणसाच्या नावावर माझी चूक टाकली आणि जवळजवळ वीस वर्षे ती तशीच राहू दिली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे वाचून कोणी माझ्याविषयी हळहळेल, आणि त्या हळहळीवर माझा हक्क नाही.

भूत, करणी, अंगात येणे — यांतले मी कधीच काही मानले नाही. आर्णीच्या शाळेत मी हस्तव्यवसाय शिकवतो. लाकूड, पत्रा आणि माप यांपलीकडे माझी श्रद्धा गेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी विमानदलात जमिनीवरचा कारागीर होतो. माझ्याच हाताखाली पांढरकवड्याचा सत्तार होता. आम्ही भरती झालो एकाच दिवशी आणि बर्माच्या सरहद्दीवर राहिलो एकाच तंबूत.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, माझ्या मेहुण्याने विलायतेहून एक खोका पाठवला. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, चिकटवण्याची नळी आणि आकृत्यांचा कागद. जोडून तयार होणार होते हरिकेन जातीचे लढाऊ विमान... वीतभरही नसलेले. ज्या विमानांची मी वर्षानुवर्षे देखभाल केली, तेच.

पाच दुपारी ओसरीवर बसून मी ते जोडले. शेवटी चिमट्याने डाव्या पंखाखालची टाचणीएवढी नळी बसवली. खऱ्या विमानात या नळीत समोरचा वारा शिरतो, आणि त्यावर वैमानिकासमोरचा वेगाचा काटा हलतो. विमान उभे असताना आत धूळ जाऊ नये म्हणून नळीवर कॅनव्हासची खोळ घालत. खोळीला लाल पट्टी. उड्डाणापूर्वी खोळ काढायची आणि मगच विमानाच्या तपासणीच्या तक्त्यावर सही करायची, असा नियम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आलो, तर त्या नळीवर खोळ होती. गव्हाच्या काडीहून बारीक. खाकी, शिवलेली, टोकाला लाल धागा.

घरात आम्ही तिघेच — मी, पत्नी आणि एकोणीस वर्षांची मुलगी सुमन. सुमनचा हात भरतकामात बसलेला. मी तिला हाक मारली.

“ही थट्टा तुझी?”

“कोणती थट्टा, बाबा?”

“एवढे बारीक शिवणारे घरात दुसरे कोण आहे? कबूल कर आणि मोकळी हो.”

तिचा चेहरा लालबुंद झाला. “तुम्ही पाह्यलं काय मले शिवताना? नाही ना? मंग माह्यं नाव कसं घेतलं?”

पत्नीने आत लाटणे आपटले. “सणाच्या दिवशी पोरीले रडवून राह्यले! कायले? त्या खेळण्यापायी? शाळेत तर मोठे शांत गुरुजी म्हणून मिरवता!”

मलाही संताप आला होता. मी मात्र आवाज चढवला नाही. मी तो कधीच चढवत नाही. हळूच म्हणालो, “खोटे बोलणाऱ्याचाच आवाज चढतो.”

आणि ते बोलताक्षणी मला आठवले. हेच वाक्य मी पूर्वी एकदा बोललो होतो. चौकशीच्या तंबूत. सत्तारविषयी.

लढाईतल्या त्या सकाळी विमाने एकामागून एक उडत होती. वेळ वाचावा म्हणून मी सगळ्या तक्त्यांवर चहा पितानाच सह्या करून ठेवल्या होत्या. शेवटच्या विमानापाशी सत्तार म्हणाला, “खोळ काढून घेतो.” मी म्हणालो, “तू जेवून घे, मी काढतो.” मग दुसऱ्या विमानाचे इंजिन बिघडले म्हणून मला बोलावले आणि मी विसरलो. विमान धुळीतच उडाले. परत उतरताना वैमानिकाचा वेगाचा काटा शून्यावर होता. वेग किती उरला ते त्याला कळले नाही, आणि धावपट्टीच्या अलीकडे, झाडांत, विमान कोसळले. बावीस वर्षांचा मुलगा होता तो.

चौकशीत मी सांगितले — सत्तारने खोळ काढल्याचे मला सांगितले, म्हणून मी सही केली. सत्तार किंचाळला, “तू पाह्यलं होतं काय मले काढताना? मंग नाव कसं घेतलं?” साहेबांनी माझ्या शांत आवाजावर विश्वास ठेवला. सत्तारला कैद झाली आणि नोकरीवरून हाकलले. पांढरकवड्यात लोक त्याला ‘जहाजपाड्या’, म्हणजे विमान पाडणारा, म्हणू लागले.

सुमन त्याच दुपारच्या मोटारीने मारेगावला मावशीकडे निघून गेली. मी खोळ काढून काड्यापेटीत ठेवली, विमान काचेच्या कपाटात कुलूपबंद केले आणि किल्ली करगोट्याला बांधली. सकाळी कुलूप जसेच्या तसे... आणि नळीवर नवी खोळ! काड्यापेटीतली पहिली जागेवरच होती. तिसऱ्या सकाळी तिसरी. कपाट फोडून ते विमान पायाखाली चिरडावे असे वाटले, इतका मी चिडलो होतो. पण विमान निरपराध होते, आणि निरपराधाला चिरडण्याचे काम मी एकदा केलेले होते.

सुमनला पत्र टाकले: तुझी काही चूक नाही, चूक माझी. मग मी पांढरकवड्याची मोटार धरली.

हमरस्त्यावर सत्तारचे ट्रकदुरुस्तीचे दुकान आहे. केस पांढरे झाले होते, डोळे तेच. मला पाहताच त्याने पाना खाली ठेवला.

“काहून आला? कोणाचं अजून काही पाडलं काय?”

बाकावर चहा पिणारे चार-पाच ड्रायव्हर हसले. मी काड्यापेटी पुढे केली. त्याने चष्मा लावला, एक खोळ काळ्या बोटावर घेतली आणि उन्हात धरली. त्याचे हसू गेले. आमच्या तळावरच्या खोळी हाच शिवत असे; त्याचे वडील शिंपीकाम करत.

“हा दुहेरी टाका माह्या बापाचा हाय,” तो म्हणाला. “तळावर मीच घालत होतो. पण इतका बारीक... माह्या बापालेही जमला नसता. कुठून आणलं हे?”

मी सांगितले. त्याचा विश्वास बसला की नाही, मला कळले नाही. मलाही आजवर उलगडा झालेला नाही. ते कापड आमच्या घरातले नव्हे. कुलपाला दुसरी किल्ली नाही. वाचकांपैकी कोणी म्हणेल, तुम्हीच झोपेत शिवले असेल. शिवले असेल! पण तो टाका मला जागेपणीही येत नाही.

“सत्तार, माझी चूक—” मी सुरुवात केली.

“थांब.” त्याने हात वर केला. “हे कुसूकुसू तुह्या घरी. वीस साल झाले, माह्या बायकोनं, माह्या सासऱ्यानं, या साऱ्यानं ऐकलं ते तुह्या हळू आवाजाचं होतं. माफी देईन का नाही, ते मले ठाऊक नाही. पण बोलाचं असन तर असं बोल का त्या समोरच्या पेट्रोलपंपावरच्या माणसालेही ऐकू गेलं पाह्यजे. नाहीतर चालता हो!”

ड्रायव्हर हसायचे थांबले होते. रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला. तो जाईपर्यंत मी थांबलो. मग आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडलो,

“खोळ मी विसरलो होतो! सत्तारनं काढतो म्हटलं, मीच त्याला जेवायला धाडलं. तो पोरगा माझ्यापायी मेला, आणि चौकशीत मी खोटं बोललो. सत्तार, मला माफ कर!”