द्वारकेच्या दगडावरचे दाणे

माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा आमच्या देवघरातला देव कुजला. कुजला म्हणजे खरोखर कुजला. मेलेल्या मासळीसारखा वास घरभर सुटला आणि त्याचा आळ माझ्यावर आला.

आमचं गाव प्रकाश्याच्या अलीकडे, तापीच्या काठावर. त्या कार्तिकात सासरे नंदुरबारला जाऊन आगगाडीत बसले आणि द्वारकेला जाऊन आले. तिथे चक्राच्या खुणा असलेले दगड विकायला असतात, भाविक ते आणून पूजेला ठेवतात. पण सासऱ्यांना विकतचा देव नको होता. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी खडकावरून स्वतःच्या हाताने एक दगड सुटा केला आणि पितळी कळशीत समुद्राच्याच पाण्यात बुडवून घरी आणला. वाटेत चार दिवस गेले.

दगड नारळाएवढा होता. रंग तपकिरी, थोडा हिरवट. अंगभर चांदण्यांसारखी लहान लहान चक्रं. सासूने त्याला पाटावर बसवलं. समुद्राचं पाणी तीर्थ म्हणून गावात वाटलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तापीच्या पाण्याने अभिषेक सुरू केला. सोवळ्यात, स्वतः नदीवर जाऊन घागर भरून. त्या कामाला ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

चौथ्या दिवशी वास यायला लागला. आधी आम्हाला वाटलं, उंदीर मेला असेल. मी सगळे कोनाडे शोधले. पाचव्या दिवशी सासूने देवाला उचललं तर तिच्या बोटांना बुळबुळीत काहीतरी लागलं आणि त्याखालून पांढरा दगड दिसला. तिने बोटं नाकाशी नेली आणि तिथेच बसली. तिला तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग तिने मला हाक मारली. मी तीनच दिवसांपूर्वी न्हाऊन घरात आले होते. त्याआधी चार दिवस बाजूला बसलेली होते.

"अडचणमा हात लावा ना तू देवले?"

"नही लावा," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण सुनेचं खरं कोण ऐकतं. तिने मला तेच पाच वेळा विचारलं आणि सहाव्यांदा विचारलं नाही. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून डोकावून गेल्या. सासरे ओसरीवर बसून राहिले, जेवले नाहीत. माझा नवरा शेतावर गेला. घरात काही निघालं की तो शेतावर जायचा.

ठरलं ते असं, की देव तापीत सोडायचा आणि तीच नाव पुढे पल्याड नेऊन मला माझ्या आईकडे पोचवायचं. माझं माहेर पलीकडच्या काठावर होतं. परत कधी आणायचं ते कोणी बोललं नाही. माझी पत्र्याची पेटी मात्र सासूने स्वतः भरली. लग्नातलं लुगडंसुद्धा घातलं. ते पाहून मला कळलं की परत आणणार नाहीत. मी चौथीपर्यंत शिकले होते, एवढं कळायला तेवढंही लागत नाही.

नावाडी म्हातारा होता. मूळचा काठेवाडच्या समुद्राकडचा, तरुणपणी गलबतावर खलाशी होता आणि पाण्यात बुड्या मारून शिंपले काढायचा. आमच्या तापीवर तो कसा आला हे कोणी विचारलं नव्हतं. बोलायचा आमच्यासारखीच अहिराणी, मधूनमधून गुजराती. सासू त्याच्या नावेत बसायची, पण त्याच्या हातचं पाणी घेत नसे.

सासऱ्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला देव. सासू त्यांच्याजवळ. मी दुसऱ्या टोकाला पेटीवर. नाव मध्यावर आली तसा वास वाऱ्याबरोबर नावाड्याकडे गेला. त्याने वल्हं थांबवलं आणि फडक्यात काय आहे विचारलं. सासऱ्यांनी फडकं सोडलं. त्याने दगड हातात घेतला, उलटासुलटा केला, नख लावून पाहिलं.

"पाटील, हाऊ दगड नही," तो म्हणाला. "हाऊ जिता व्हता."

सासू म्हणाली, देव आहे तो, जिताच असणार. नावाडी हसला नाही. म्हणाला, तसं नाही माय, गोगलगाय जिती असते तसा. ही जी चक्रं दिसतात त्या एकेका चक्रात एकेक जीव राहतो. खालचं पांढरं ते त्यांचं घर, वरचं तपकिरी ते त्यांचं अंग. अंग मेलं की सडतं.

मग त्याने विचारलं, "यानावर गोडं पानी टाकं का?"

"तापीमायनं पानी शे ते," सासू म्हणाली. "रोज मीच टाकू."

"तेच लागनं त्याले."

नाव थोडी थोडी प्रवाहाबरोबर वाहत होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तो सांगत होता की कळशीत चार दिवस कोंडल्यामुळे तो अर्धा मेलेलाच होता, गोड्या पाण्याने उरलेला मेला. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे हे जीव धरतच नाहीत. तापीच्या मुखाशी एकही सापडायचा नाही. गोडं पाणी आणि गाळ, दोन्ही त्यांना चालत नाही. सासूने नावेबाहेर पाण्याकडे पाहिलं. पाणी गढूळच होतं. मग तो म्हणाला, तुमच्या गळ्यातलं ते लाल पोवळं आहे ना, तेही याचंच भाईबंद. सासूचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. मलाही धक्का बसला. शाळेच्या पुस्तकात माणिक, मोती, पोवळं असं ओळीने दिलेलं होतं. ते जिवंत असतं हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ठाऊक नसेल.

सासऱ्यांनी विचारलं, याला पोरंबाळं होतात का. मला वाटतं त्यांना काहीतरी बोलायचं होतं म्हणून विचारलं.

होतात, नावाडी म्हणाला. पाण्यात तरंगत येतात आणि खडकावर बसतात. आधी राईएवढी, मग ज्वारीच्या दाण्याएवढी. पण जगतात थोडी. वरून गाळ बसला की गुदमरतात. शेवाळ वाढलं तर त्याखाली दबतात. मासे शेवाळ खरवडून खातात, त्याने पोरं वाचतात, पण तोच मासा शेवाळाबरोबर उघड्यावरची पोरंही खरवडून नेतो. जी कपारीत बसतात, जिथे माशाचं तोंड पोचत नाही, ती मोठी होतात. त्याने दगडाची एक बाजू आमच्याकडे केली. म्हणाला, यावरही दाणे असायला हवेत, पाण्यातून नुकत्याच काढलेल्या दगडावर असतात, इथे कसे नाहीत?

मी ते दाणे पाहिले होते. देव आल्याच्या तिसऱ्या दिवशी सासू नदीवर गेली असताना मी देवघर झाडायला गेले. देवाच्या अंगावर बारीक पुटकुळ्या होत्या, मला वाटलं वाटेतली घाण बसली आहे. देव चकचकीत दिसला तर सासू बरं म्हणेल, म्हणून मी नारळाचा काथ्या घेऊन सगळा घासून काढला. दाणे तिळासारखे खाली पडले. मी ते गोळा करून तुळशीत टाकले. तेव्हा मी अडचणीत नव्हते. मला कोणी ते विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

नावेतही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पलीकडेच राहिले असते.

सासू त्या पाण्याकडे बघत होती, ज्याची घागर ती रोज सोवळ्यात भरून आणायची. मग ती नावाड्याला म्हणाली, "नाव माघारी ले." माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्वारी दळानी पडेल शे." बाकी काही नाही. काठावर उतरल्यावर पेटीची एक कडी तिने धरली, दुसरी मी.

दगड उन्हात वाळवला. वास गेला, राहिला हाडासारखा पांढरा. सासऱ्यांनी तो पुन्हा देवघरात ठेवला. सासूने त्यावर कधीच पाणी घातलं नाही, कोरडं फूल वाहायची. आणि माझ्यावर घेतलेला आळ चुकीचा होता, असंही तिने कधी म्हटलं नाही.

ती गेल्यानंतर देव पुसायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा एक दिवस फडकं अडकलं म्हणून नीट पाहिलं, तर खालच्या बाजूला एका कपारीत एक दाणा होता. ज्वारीएवढा, त्यावर पुरतं एक चक्र. तिथे माझा काथ्या पोचला नव्हता. तोही त्याच आठवड्यात मेला असणार, पाण्याने. पण तो एक माझ्या हाताने मेला नाही.