बेवारशाचं कोमट पाणी

"पाणी आधी आपल्या मनगटाला विचारावं," थोरली नेहमी म्हणायची आणि खरोखरच विचारायची. इस्पितळाच्या शवागारात मेलेल्यांना शेवटची आंघोळ घालणं हे तिचं काम. बादलीत मनगट बुडवून, तान्ह्याला न्हाऊ घालणाऱ्या आईसारखी ती क्षणभर थांबायची. मगच फडकं भिजवायची.

तिची धाकटी जाऊ तिच्याच हाताखाली हे काम शिकली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "जाऊबाई, गार लागलं तर ओरडणार आहे का तो?"

"माझ्या दिरावर ओत गार पाणी. तो पोटभर ओरडेल," थोरली म्हणाली. "ओरडण्यावर जाऊ नये."

लोक म्हणत, नवरा गेल्यापासून ही हळवी झाली. कोणी म्हणे, आईचं वळण. थोरली चिडायची. "कुठून आलं ते काय विचारता? बरोबर आहे का, ते विचारा."

त्या सकाळी नव्या मुकादमाने गिझरच्या खोलीला कुलूप घातलं. त्याचा नियम असा: नातेवाईक आले असतील तर कोमट पाणी, बेवारशाला नळाचं. टेबलावर रस्त्याकडेला सापडलेला एक म्हातारा होता. नखांत माती, पायात एकच मोजा.

"मान माणसांनीच ठरवलेला असतो, बाई," मुकादम समजावू लागला. "देणारं कोणी असेल तर मान. याला कोण आहे?"

"म्हणजे इतकी वर्षं मी बाहेर बाकावर बसलेल्यांसाठी पाणी तापवत होते? ते उठून गेले की टेबलावरचा माणूस, माणूस राहत नाही?"

"पण त्याला कळतंय का?"

"झोपेत तुमच्या तोंडावर कोणी थुंकलं तर तुम्हालाही कळणार नाही. चालेल?"

मुकादमाचे कान लाल झाले. त्याने धाकटीकडे बोट केलं. "कालच चहा पिताना हीच म्हणत होती, बेवारशाला कशाला गरम पाणी म्हणून. मला पटलं."

धाकटी घाईघाईने म्हणाली, "मी आपलं गमतीनं…"

थोरलीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं, असं धाकटीला वाटलं. गंमत कसली? काल ती मनापासूनच बोलली होती. आता तेच बोलणं कुलूप होऊन दाराला लटकत होतं, आणि तिला मुकादमाचा संताप येत होता, त्याहून जास्त स्वतःचा.

थोरलीने रिकामी बादली उचलली.

"कुठे निघालात?" मुकादमाने विचारलं.

"स्वयंपाकघरात. तिथे चुलीवर पाणी असतं."

"गेलात तर उद्यापासून कामावर येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू. हा आज आलाय."

ती अंगणात उतरली. रिकामी बादलीसुद्धा ती भरलेली असल्यासारखी जपून नेत होती. धाकटीने म्हाताऱ्याच्या पायातला मोजा हळूच उतरवला, चादर त्याच्या गळ्यापर्यंत ओढली आणि दारात येऊन उभी राहिली. खिडकीशी मुकादम होता, किल्ली मुठीत धरून. अंगण ओलांडणाऱ्या त्या ताठ पाठीकडे दोघंही बघत राहिले.