उरलेलं कापड

माझं लहानपण डुप्लिकेट मालाच्या उल्हासनगरात गेलं. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करून बघतो. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळसुद्धा मी भर मांडवात उलटं केलं होतं. ते त्यांनी पाहिलं आणि कधीच विसरले नाहीत.

सासरे, म्हणजे आबा, मोरिवलीचे. जयंतीला स्वतः रचलेली गाणी म्हणायचे, पण कागदावर एक ओळ नव्हती. वय झालं, कडवी निसटायला लागली, तेव्हा बायकोने त्यांना समोर बसवून वर्षभर एकेक गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. बदलापूरच्या आमच्या घरातल्या त्या एका मशीनमध्येच ती होती, दुसरीकडे कुठेही नाही.

अडचण एवढीच की जोडाक्षरं तुटायची. ‘बुद्ध’ लिहिलं की द लंगडा आणि ध त्याच्यापासून फटकून उभा. आबा म्हणाले, “असं छापणार असाल तर राहू द्या.”

म्हणून एका रविवारी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, अंबरनाथला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. नवा प्रोग्रॅम घेऊन आला होता.

“केवढ्याला पडला?”

“फुकट, दाजी.”

इथेच माझे कान टवकारले. “डुप्लिकेट?”

“अहो, रेडीमेड पँट नाही ही, कापड आहे. सोर्स कोड म्हणतात. शिवायचं इथंच, तुमच्या मशीनच्या मापानं.”

कापड म्हटल्यावर तर संशय दुप्पट झाला. आमच्या गल्लीतल्या एकाही शिंप्याने उरलेलं कापड कधी परत दिलेलं नाही. मी खुर्ची ओढून पाळतीवर बसलो. मेहुण्याने सगळ्यात आधी आमच्या मशीनमधून कसली तरी सीडी भरून घेतली आणि हळूच बॅगेत टाकली. मी बघितलं. मनात नोंद केली.

मग काळ्या पडद्यावर ओळी धावायला लागल्या. चेकिंग अमुक, येस. चेकिंग तमुक, नो.

“हे काय शोधतंय आमच्या घरात?”

“माप घेतंय.”

“मग नो कशाला?”

“अस्तर नाहीये तुमच्याकडे. आणलंय मी.”

अस्तर घातलं, शिलाई सुरू झाली. तास झाला तरी संपेना, तेव्हा मेहुणा “ताई, वाढ गं” म्हणत आत गेला. पहारा माझ्याकडे. आणि पडद्यावर आलं, वॉर्निंग. पुन्हा वॉर्निंग. लागोपाठ सात-आठ. गाणी चालली, असं वाटून मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

मेहुणा भाताच्या हाताने धावत आला. “दाजी, काय केलंत?”

“वॉर्निंग आली!”

“ती येतेच हो! शिवताना शिंपी पुटपुटत नाही का?”

बटण पुन्हा दाबलं. मशीन सुरूच होईना. बायको दारात डाव घेऊन उभी. “आबांची गाणी?” एवढंच म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

मेहुण्याने हात धुतला आणि बॅगेतून ती सीडी काढली. वर लिहिलं होतं, ‘आबा, सगळी गाणी’.

“कात्री लावायच्या आधीच काढून ठेवली होती, ताई.”

“मला वाटलं...” मी म्हणालो.

“काय वाटलं?” बायको.

“काही नाही.”

पुढच्या रविवारी सगळं पहिल्यापासून शिवलं. मला स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसवलं होतं. द आणि ध एकदाचे जुळले. छापलेले कागद घेऊन आम्ही मोरिवलीला गेलो. आबांनी गठ्ठा हातात घेतला, उलटा केला, मागची बाजू निरखली. मग चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघितलं.

“एवढीच? मी जास्त सांगितली होती. बाकीची कुणी मारली, जावईबापू?”