सोवळ्यातलं इंजिन

परळच्या रेल्वे वर्कशॉपात मी बॉयलरमेकर होतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना एक जुनाट वाफेचं इंजिन आमच्याकडे आलं. रे रोडला गोदीच्या सायडिंगात, आडबाजूच्या रुळांवर, ते कैक वर्षं सडत पडलं होतं. धुराड्यातून पिंपळ उगवलेला, पितळेचे भाग चोरीला गेलेले. वरून हुकूम आला, की रेल्वेच्या प्रदर्शनात हे स्वतःच्या वाफेवर चालून दाखवायचं. हुकूम देणाऱ्याचं काय जातं? सही केली की त्याचं काम संपलं.

इंजिनाचे नकाशे कुठेच सापडेनात. एकेका बोल्टाला रॉकेल पाजून थांबायचं आणि मग हलकेच ठोकायचं. घाई केली की मुंडकं तुटून हातात येई. हरवलेल्या भागांचे आधी लाकडी साचे करायचे, मग ओतकाम, मग घासून घासून जागेवर बसवणं. ते काम फिटरचं. आमचा फिटर लालबागला राहणारा, मूळचा मालवणकडचा, माझ्याच वयाचा. बॉयलर माझ्याकडे होता. नळ्या उपसून बॉयलरात आडवं होऊन सरकायचं आणि कोपरावर रेलून पत्र्यांवरचा क्षार छिन्नीने फोडायचा. क्षार कसला, दगडच तो. बाहेर आलो तरी कानात ठणठण चालूच असे, आणि घरी जेवताना भातालाही गंजाची चव लागे. सगळं जोडून झालं, की बॉयलरात पाणी भरून दाब द्यायचा. कुठूनतरी थेंब पाझरायचाच. मग त्या नळ्या पुन्हा बाहेर.

शॉपमध्ये पाण्याचे माठ दोन होते. त्यांच्यावर पाटी नव्हती, पण कुठला कोणाचा हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळे. आमच्या चाळीने तोवर बौद्ध धम्म घेतला होता, देव्हारे विसर्जित केले होते. माठ मात्र दोनच राहिले.

मोर्चाला जाताना हे माठ कोणाला आठवत नसत. शिवाजी पार्कच्या सभेला फिटर आणि मी कामावरून तसेच, काळ्या हातांनी जायचो. एकदा भायखळ्याला लाठीमार झाला. त्याच्या पाठीवर दोन दणके बसले. मी त्याला खांद्याचा आधार देत आमच्या खोलीवर आणलं. बायकोने हळद गरम करून लावली. तो आमच्याच तांब्यातून घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "वयनी, आज तुम्ही नसता तर मेलोच असतो."

अखेर बॉयलरने दाब धरला. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवून इंजिन यार्डात चालवायचं ठरलं. सकाळी आलो तर भट्टी आधीच पेटवलेली, चाकांना हळदकुंकू, पुढे झेंडूच्या माळा, नारळ. मोठे साहेब येणार होते. मी नेहमीसारखा बॉयलरकडे निघालो, तर चार्जमन आडवे आले. शिकलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. आमच्या कामावर देखरेख त्यांचीच होती.

"तुम्ही जरा पलीकडे उभे राहा. पूजा व्हायची आहे."

"मग मी काय करतो पूजेला?"

"नाही, तुम्ही लोकांनी देवधर्म सोडलाय ना आता? मग हात कशाला लावायचा? आज इंजिन सोवळ्यात आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके महिने मी त्या इंजिनाच्या पोटात घाम गाळला, खोकलो, थुंकलो, तेव्हा त्याचं सोवळं कुठे होतं? मी फिटरकडे पाहिलं. तो चाकापाशीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने फडकं उचललं आणि लखलखीत दांडा पुन्हा पुसायला लागला.

साहेब आले. नारळ फुटला. आणि मी सरळ चालत जाऊन इंजिनावर चढलो, ड्रायव्हरच्या शेजारी उभा राहिलो.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"साफसफाईला होता, सर," चार्जमन म्हणाले.

"मी बॉयलरमेकर आहे," मी वरून ओरडलो. "हा बॉयलर मी बांधलाय. उतरणार नाही."

साहेबांना पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहून हात हलवला. ड्रायव्हरने वाफ सोडली आणि इंजिन निघालं. यार्डाच्या टोकापर्यंत गेलं, परत आलं. एक थेंब गळला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि माझा संताप काही उतरत नव्हता. ज्या क्षणासाठी राबलो, तो मला धड डोळे भरून पाहताही आला नाही.

पुढे माझ्यावर चौकशी लागली. आरोप गैरवर्तनाचा. चार्जमन काय म्हणाले हे कोणीच विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. साक्षीला फिटर होता.

"मी कामात होतो. काही ऐकलं नाही," तो म्हणाला.

मला राखेच्या खड्ड्यावर पाठवलं. येणाऱ्या इंजिनांची धगधगती राख ओढायची. चार्जमनना बढती मिळाली. इंजिन प्रदर्शनात गेलं. छायाचित्रात साहेब होते, चार्जमन होते, एका कडेला फिटरही होता.

राज्य झालं त्या दिवशी तो पेढे घेऊन आमच्या दारात आला. बायकोने त्याला आत बसवलं. मी थेट विचारलं, "काही ऐकलं नाहीस तू?"

तो मान खाली घालून बसला. "माका काय सुचलाच नाय रे. पोरांबाळांचो विचार आयलो."

"मला पोरंबाळं नाहीत?"

त्याने पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला. पेढा मी घेतला. हे राज्य व्हावं म्हणून मीही रस्त्यावर उतरलो होतो, ते काही त्याच्या हातून मिळालेलं नव्हतं. पुढे युनियनने भांडून मला बॉयलर शॉपमध्ये परत आणलं. तिथे फिटर आणि मी निवृत्तीपर्यंत शेजारी शेजारी काम केलं, पाना दे, हातोडा दे, एवढंच बोललो. लोक म्हणतात, विसर आता. का विसरू? मी काय चूक केली होती?